खाराच्या पाण्याची चव

“गिळू नको वं, पयले तोंड पाहू दे.”

हातात चमचा, चमच्यात पापडखार आणि मीठ घालून उकळलेलं पाणी, आणि डोळे माझ्या चेहऱ्यावर. मनीषनगरच्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकू उन्हाळ्यात मला अशा गाठायच्या. शाळेत शिकवून दमून आलेल्या बाईला कोणी साधं पाणी विचारतं. काकू खाराचं पाजायच्या.

पूर्वी ही चव त्या स्वतःच घेत. उडदाचं पीठ याच पाण्यात भिजवायचं, त्यामुळे पापडाचं सगळं नशीब तिथेच ठरतं. खार जास्त झाला की पापड तळताना लाल होतो, कमी पडला की कडक राहतो. काकू जिभेवर थेंब ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि मग चिमूटभर काहीतरी घालायच्या. वजनकाटा त्यांनी घरात येऊ दिला नव्हता. इमारतीतल्या प्रत्येक लग्नात पापड त्यांचेच असत, आणि याचा त्यांना गर्व होता. तुम्ही-आम्ही लपवतो तसा तो त्या लपवतही नसत.

मग हृदयाचं दुखणं निघालं. पायांवर सूज, जिना चढताना दम. डॉक्टरांनी मीठ जवळजवळ बंदच केलं. काकूंचं म्हणणं, मीठ सोडते, पण खार म्हणजे काही मीठ नव्हे. मुलाने समजावलं की खारातही सोडियमच असतं, खायच्या सोड्यातसुद्धा. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“लई आगाऊ आहे हे सोडियम. जिथं चव तिथं हजर.”

चाखून थुंकून टाका, असं मी सुचवलं. त्यांनी मान हलवली. “जिभेवर आलं का गिळल्याच जाते माह्याच्यानं. मले माहीत आहे ना मी कशी आहे ते.”

त्या उन्हाळ्यात उडदाचं पीठ डब्यात तसंच पडून राहिलं. काकू पलंगावर बसून असायच्या, कोणी लग्नाचे पापड विचारायला आलं की तोंड फिरवायच्या. ते मला बघवत नव्हतं. आणि एका दुपारी त्यांनी मला खालून हाक मारली, चमचा तयार ठेवून.

मी सभ्यपणे म्हटलं, छान झालंय.

“काहून खोटं बोलून राहिली? भुवई तर हालली नाही तुझी.”

खार वाढवला, पुन्हा चमचा. या वेळी माझं तोंड आपोआप वाकडं झालं आणि त्या खूश झाल्या. माझ्या नवऱ्यालाही त्यांनी एकदा तपासून नापास केलं. त्याच्या तोंडावर काही दिसतच नाही, ही तक्रार मला नवी नव्हती.

पापड पूर्वीसारखेच झाले. पहिला भाजलेला माझ्या ताटात, त्यांच्यासमोर अळणी वरण-भात. माझा हात पुढे होईना.

“खाय तू. मी पाहून राहिली ना.”

खरंच पाहत होत्या. मी पापड मोडला तसा त्यांचा जबडा हलला. मला त्यांच्याबद्दल इतकी माया कधी वाटली नव्हती.

असे काही उन्हाळे गेले. गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. त्या खार उकळायच्या ते जुनं पातेलं त्यांच्या मुलाने मला दिलं.

यंदा एप्रिलमध्ये मी त्यात खाराचं पाणी उकळलं. चमचा तोंडात घेतला आणि सवयीने न गिळता मान वर केली. तोंड वाकडं झालंय, एवढं कळत होतं. ते खार बरोबर पडला म्हणून, की जास्त झाला म्हणून, हे काही मला कळेना. समोर कोणी नव्हतं. शेवटी गिळून टाकलं.