बाळारामदादांच्या सायकलचा हेडसेट

सायकल नीट चालते तेव्हा सांगण्यासारखं काहीच घडत नाही. ती बिघडली की मात्र किस्सेच किस्से! आमच्या शहापूर-मुरबाडच्या रविवारच्या ग्रुपमध्ये सायकली चालतात कमी आणि रस्त्याकडेला उलट्या करून ठेवलेल्या असतात जास्त. त्यामुळे किस्से इतके झालेत की कुठला कुणाचा तेही आता आठवत नाही. म्हणून आज फक्त बाळारामदादांच्या हेडसेटचे सांगतो. वाशिंदच्या कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे. तिथल्या सगळ्या मशिनींनी मिळून माझं जेवढं डोकं खाल्लं नसेल, तेवढं या एका हेडसेटने खाल्लं. पाने-पक्कड माझ्याकडे असतात, हाच काय तो माझा गुन्हा!

* * *

बाळारामदादांचा टोकावड्याजवळ ढाबा आहे. पन्नाशीनंतर डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं, म्हणून त्यांनी माउंटन बाइक घेतली. एका रविवारी डोळखांबच्या रस्त्याला उतारावर त्यांच्या सायकलमधून 'कट्‌ कट्‌' आवाज यायला लागला. आम्ही थांबलो.

"ब्रेक ढिला हाय," दादा म्हणाले.

ग्रुपमधले विशे सर शाळेत गणित शिकवतात आणि रात्रंदिवस सायकलचे व्हिडिओ बघतात. ते म्हणाले, "बाटलीचा स्टँड वाजतोय." स्टँड काढला. आवाज तसाच. मग घंटी काढली, रिफ्लेक्टर काढला, मोबाइलचा होल्डर काढला. सायकल निम्मी झाली, आवाज होता तेवढाच.

शेवटी मी पुढचा ब्रेक दाबून धरला आणि सायकल मागे-पुढे ढकलून दाखवली. पुढचं चाक धरणारा चिमटा फ्रेमच्या नळीत चांगलाच हलत होता. म्हटलं, "दादा, चिमटा जिथे फिरतो तिथे वर-खाली दोन वाट्या असतात. त्यात बेअरिंग बसतात. या सगळ्याला हेडसेट म्हणतात. तो गेलाय. नवीन बसवावा लागेल. बघा, ढकललं की कसं हलतंय!"

दादांनी नीट बघितलं आणि म्हणाले, "मग ढकलतोस कशाला? नको ना ढकलूस!"

* * *

हेडसेट असा अकाली जातो कसा, हे मला ढाब्यावर गेल्यावर कळलं. शेजारी टेम्पो धुवायचं सेंटर आहे. दादा दर रविवारी तिथे सायकल नेतात आणि ट्रकचा चिखल काढायचा तो पाण्याचा फवारा थेट हँडलखाली धरतात.

"अहो, तिथे बेअरिंग आहे! ग्रीस धुऊन जातं!"

"तितंच तर माती बसते," दादा म्हणाले.

चिमटा खाली ओढला तर आतून गंजाचं लाल पाणी निघालं, मागोमाग बेअरिंगचा भुगा. मी डोक्याला हात लावला. वहिनी भाकऱ्या करता करता बघत होत्या.

त्या म्हणाल्या, "भावजी, आमच्याकडे म्हैस होती ना, तिला यांनी जल्मात पाणी घातलं नाय. ती तशीच गेली. ही धुऊन धुऊन मारली!"

* * *

खरी घाई वेगळीच होती. दादांच्या सुजाताचं लग्न ठरलं होतं. मुलगा घाटावरचा, ओतूरकडचा. व्याहीसुद्धा सायकलवाले निघाले! त्यांचा फोन आला, "लग्नाआधी एकदा दोघं मिळून माळशेज उतरू. मी इकडून वर येतो, तुम्ही तिकडून या. मग तुमच्या ढाब्यावर जेवण."

मुलीच्या बापाला नाही म्हणता येतं का? दादा "हो हो" म्हणून मोकळे झाले.

वहिनींनी फोन ठेवायची वाट बघितली आणि माझ्याकडे वळल्या. "भावजी, पोरीला मांडवात उभी करायचीय. बाप प्लास्टर घालून बसला तर लोक काय बोलतील? तो कट्‌कट आवाज बंद झाला तर हे घाटात जातील. नायतर मी स्वतः व्याह्यांना फोन करून सांगते, यांना झेपत नाय म्हणून!"

दादांचा चेहरा पडला. हातपाय मोडले तर ते सहन करतील, पण व्याह्यांसमोर 'झेपत नाय' हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. मलाही वाईट वाटलं. वाटलं, आता हा हेडसेट बसवायचाच.

* * *

दादा आणि वहिनी बस्ता बांधायला कल्याणला चालले होते. मी म्हटलं, "येताना हेडसेट घेऊन या. मी नाव लिहून देतो."

"हेडसेट ना? एवढं ध्यानात राहतं!"

संध्याकाळी साड्यांच्या पिशव्यांतून दादांनी एक चकचकीत डबी काढली. आत कानात घालायचा हेडसेट. ब्लूटूथवाला!

"दुकानदार बोलला, सगळ्यात भारी हाच. पाणी गेलं तरी काय होत नाय बोलला. तुला पाण्याचंच टेन्शन होतं ना?"

म्हटलं, उद्या परत करा, मी स्वतः जाऊन आणतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच दादांचा फोन. आवाजात नुसता आनंद!

"भास्करा, राहू दे रे नवीन. तो कानात घालून मुरबाडपर्यंत जाऊन आलो. आवाज एकदम बंद!"

* * *

मग मीच कल्याणहून खरा हेडसेट आणला. जुन्या वाट्या ठोकून काढायच्या होत्या. नळीत आतून लोखंडी सळई घालून वाटीच्या काठावर ठोकायचं, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. पण गंजून इतक्या घट्ट बसलेल्या, की हातोड्याचा दांडाच निसटला.

"थांब," म्हणून दादा घरात गेले आणि मुसळ घेऊन आले. जड, शिसवी, झकास. चार दणक्यांत दोन्ही वाट्या बाहेर! आम्ही दोघांनी अक्षरशः उड्या मारल्या.

ते मुसळ मुहूर्ताची हळद कुटायला काढून ठेवलं होतं, हे दादा मला बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी पाच सवाशिणींनी त्याला आंब्याची पानं बांधली, गाणी म्हणत हळद कुटली. वहिनी सांगत होत्या, निम्म्या गाण्यात एकेकीचं लक्ष आपापल्या तळहातांकडे गेलं. काळेकुट्ट! एक म्हातारी म्हणाली, "गो, यंदाची हळद बग कशी पिकली."

तेव्हापासून मी त्या घरी गेलो की वहिनी आधी माझे हात बघतात.

* * *

नवीन वाट्या बसवायला विशे सर मदतीला आले. म्हणजे मी काम करायचं आणि त्यांनी मोबाइलमध्ये बघून "बरोबर" म्हणायचं. वरच्या बेअरिंगवर एक बारीक रिंग येते. तिला एका जागी मुद्दाम चीर ठेवलेली असते, म्हणजे दाबली की ती चिमट्याच्या दांड्याला घट्ट आवळते. वाट्या दाबून बसवल्या, बेअरिंगला ग्रीस लावलं, रिंगेला हात घातला. रिंग नाही!

ढाब्याची सगळी टेबलं सरकवली, भांडी घासायची जागा उपसली. गिऱ्हाइकांनाही उठवलं. एकाने तर आपल्या भाजीतही चमचा फिरवून बघितला. विशे सरही गायब!

इतक्यात ते स्कूटरवरून हसत हसत उतरले आणि रिंग माझ्या हातावर ठेवली.

"अरे, दुकानदाराने फसवलं तुला. तुटलेली दिली होती. वेल्डिंगवाल्याकडून जोडून आणली. आता चीर शोधून दाखव!"

मी पुन्हा कल्याण.

* * *

दुसरी रिंग आली, चिमटा चढला, वरची टोपी बसली. ही टोपी बेताने आवळायची असते. चिमटा हलता कामा नये आणि हँडल मात्र हलकं फिरलं पाहिजे. मी हात धुवायला गेलो. तेवढ्यात दादांनी पाना घेतला आणि भट्टीवरचं पातेलं उचलायची सगळी ताकद लावली.

"बघ आता! कणभर हलत नाय!"

"दादा, हँडल वळत पण नाही."

"आपल्याला घाट उतरायचाय. वळायचंय कुटं?"

माळशेज घाट! सरळ! मी पाना हिसकावून घेतला, टोपी सैल केली, हँडल सरळ करून बोल्ट आवळले आणि सायकल वहिनींसमोर उभी केली. वहिनींनी स्वतः पुढचा ब्रेक दाबून ढकलून बघितलं. हलली नाही. पुढचं चाक दोनदा उचलून आपटलं. आवाज नाही. मग म्हणाल्या, "जा. पण भावजी, काय वाजलं तर तुमी जबाबदार."

* * *

ठरल्या दिवशी दादा आणि मी पिकअपमध्ये सायकली टाकून घाटमाथ्यावर गेलो. चहाच्या टपरीपाशी व्याही आधीच येऊन थांबले होते. उंच, फेटा बांधलेले, सायकलीवरही फेटा! टपरीला टेकवलेली त्यांची सायकल बघून मी चमकलो. तीच कंपनी, तोच लाल रंग. सोयरीक जमल्यावर दादांचा सायकलवरचा फोटो बघून त्यांनी हौसेने तशीच शोधून घेतली होती, कुणाचीतरी वापरलेली. दादांनी आपली सायकल तिच्याच शेजारी लावली. दादांना किती आनंद झाला! म्हणाले, "दोगी जुळ्या बहिणी दिसतायत."

चहा झाला, भजी झाली. व्याही उठले आणि दादांच्या सायकलवर टांग टाकली.

मी तोंड उघडलं, तोच दादांनी पक्कड आवळावी तसा माझा हात दाबला.

"दादा, ती तुमची आहे!" मी कुजबुजलो.

"गप. व्याह्यांना 'तुमी चुकलात' असं सांगू? लग्नाच्या आधी?"

पुढून व्याही म्हणाले, "आज गादी जरा खाली गेल्यासारखी वाटती."

"चढून दमलात ना पाहुणे, म्हणून तसं वाटतं!" दादा म्हणाले आणि व्याह्यांच्या सायकलवर बसले.

पहिल्याच वळणाला ऐकू आलं. कट्‌, कट्‌, कट्‌! व्याह्यांच्या सायकलचा हेडसेट दादांच्या जुन्यापेक्षा वाईट होता! पुढे व्याही मजेत, एका हाताने हँडल धरून धबधब्यांच्या जागा दाखवत चाललेले. मागे दादा, दोन्ही ब्रेक दाबून, घामाने निथळत. चाक थरथरत होतं, मागून ट्रक हॉर्न मारत होते. मी खरंच घाबरलो होतो. प्रत्येक वळणावर मला वहिनी आणि सुजाताचा मांडव दिसत होता. दोनदा म्हटलं, "दादा, उतरा, चालत जाऊ." दोन्ही वेळा उत्तर एकच, "पाहुणे बघतील."

कसेबसे ढाब्यावर पोचलो. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. व्याही झोकात येऊन थांबले. मागून दादा आले, कट्‌ कट्‌ कट्‌ करत.

वहिनींनी तांब्या खाली ठेवला. "भावजी, इकडं या. काय वाजतंय ते? तुमी तर नवीन बसवला बोललात! तुमच्या भरवशावर मी यांना पाठवलं!"

व्याही समोर उभे. दादा माझ्याकडे डोळे वटारून बघतायत.

"चुकलं वहिनी," मी म्हटलं. "नीट बसला नाही माझ्याकडून."

व्याह्यांना माझी दया आली. पुढे होऊन म्हणाले, "विहीणबाई, पोराला बोलू नका. व्हतं माणसाकडून. आमच्या गावात एक मिस्त्री आहे, हात लई भारी. माझ्या सायकलीचं सगळं त्योच बघतो. आता अख्खा घाट उतरलो, बघा, एक आवाज नाही!" आणि त्यांनी दादांच्या सायकलच्या हँडलवर कौतुकाने थाप मारली.

मी दादांकडे बघितलं.

दादांनी शांतपणे घाम पुसला आणि म्हणाले, "भास्करा, नंबर घे पाहुण्यांच्या मिस्त्रीचा. शिकून घे कायतरी!"