बाबा जेवले का?

सॅनिटायझरचा वास आला की हर्सूलच्या घराची बाहेरची खोली आठवते. कोरोनाच्या वॉर्डात नर्स असलेली माझी बायको तिथं वेगळी राहायची. मी दाराशी ताट ठेवायचो. "अहो, वॉर्डातल्या त्या पिशोर गावच्या बाबांनी आज माझ्या हातानं चार घास खाल्ले. माय म्हणतात मला." "आणि माझ्याशी चार शब्द?" "तुम्ही आधी मागं सरका!" त्या न पाहिलेल्या म्हाताऱ्याचा मला हेवा वाटायचा. एका दुपारी ताट तसंच राहिलं. "बाबा गेले," ती म्हणाली, आणि आता तरी ती माझी होईल, असं मला वाटून गेलं. ती गप्पच होत गेली. मागच्या वर्षी तिच्या शेवटच्या आजारपणात मी भरवायला बसलो की विचारायची, "बाबा जेवले का?" मी "जेवले" म्हटल्यावरच घास घ्यायची. आता एकट्याचं ताट वाढून घेतो, तरी त्या बाबांचा हेवा वाटतोच.