चूक तुकडीची

सगळ्यांना एकत्र शिकवायचं असं वरून ठरून आलं, तेव्हा मी नर्सिंगच्या शाळेत सोळा वर्षं शिकवत होते. डॉक्टर होणारी मुलं, नर्स होणाऱ्या मुली आणि फार्मसीवाले यांनी एकमेकांकडून शिकावं, रुग्णापुढे एक तुकडी म्हणून उभं राहावं, अशी कल्पना होती. कल्पनेत वाईट काही नव्हतं. पुढे एकाच वॉर्डात आयुष्य काढायचं तर आधी ओळख झालेली बरी. आमच्याकडे तोवर नर्सिंगच्या मुली मागच्या इमारतीत शिकायच्या आणि डॉक्टरकीची मुलं पुढच्या. मधल्या चहाच्या टपरीवरसुद्धा त्यांचे बाक वेगळे होते. ते वेगळे असावेत असं कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी चुकून दुसऱ्या बाकावर बसतही नव्हतं.

दुष्काळाचा तो लागोपाठचा दुसरा उन्हाळा. शहरात नळाला कधी पाणी येईल ते नळालाच माहीत. बायपासला मात्र इमारतींचे सांगाडे वर चढत होते आणि त्यांच्या सिमेंटवर मारायला टँकर बरोबर मिळत होते. मी सकाळी ड्रम भरायचे, झाकायचे आणि कामावर जायचे. त्या दिवसांत मला कशाचं फारसं काही वाटेनासं झालं होतं. घरात काही बिघडलं होतं असं नाही. जेवण जायचं, झोप लागायची. कुणी आनंदाची बातमी सांगितली की मी "छान" म्हणायचे, वाईट सांगितली की "अरे अरे" म्हणायचे आणि दोन्ही वेळा आत तेवढंच असायचं.

माझ्याकडे जी तुकडी आली तिच्यात तिघं होते. एक इंटर्न, म्हणजे डॉक्टरकीची परीक्षा संपवून वर्षभराचं काम शिकणारा मुलगा. हुशार, बोलका, इस्त्रीचा शर्ट. एक फार्मसीच्या शेवटच्या वर्षाची मुलगी, जी प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घ्यायची. आणि एक माझी विद्यार्थिनी, शेंद्र्याकडची. तिच्या वडिलांची जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली होती आणि ते तिथल्याच एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होते. मुलीची जालना रोडवरच्या एका खासगी दवाखान्यात निवड झालेली होती. महिनाअखेरीस शिक्षण पूर्ण झाल्याचा शाळेचा दाखला घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं. गप्पा म्हणून नाही. "दाखल्याला उशीर होता कामा नये, मॅडम," एवढ्यासाठी.

मी मुलींना एक नियम शिकवायचे. डॉक्टरांचा राउंड चालू असताना नर्सनं मध्ये बोलायचं नाही. विचारलं तर उत्तर द्यायचं, राहिलेलं नंतर सांगायचं. त्याला कारण होतं. माझी एक मुलगी एकदा रुग्णासमोर डॉक्टरांची चूक दाखवायला गेली. डॉक्टरांनी तिला तिथंच झापलं आणि त्या रुग्णानं पुढे आठ दिवस तिच्या हातून इंजेक्शन घेतलं नाही. तेव्हापासून मी तळहात खाली करून हात जरासा दाबला, की माझ्या मुली गप्प व्हायच्या. त्या खुणेचा मला थोडा अभिमानसुद्धा होता.

तुकडीनं दर आठवड्याला एका वस्तीवर जायचं होतं. आमच्या वाट्याला देवगाव रंगारीच्या अलीकडची एक वस्ती आली. तिथं टँकर आठवड्यातून एकदा यायचा. हगवण सुरू झाली होती, म्हणून विषय ठरला जलसंजीवनीचा. पाकीट कसं कालवायचं आणि पोराला कसं पाजायचं. सांगायचं इंटर्ननं, पाकिटं द्यायची फार्मसीच्या मुलीनं आणि करून दाखवायचं माझ्या विद्यार्थिनीनं. मी औरंगपुऱ्यातून लिटरची रेघ असलेला प्लास्टिकचा जग आणला. पाणीही आम्ही शहरातून जारमध्ये नेलं. ज्यांना प्यायला पुरत नाही त्यांचं पाणी शिकवण्यात कशाला घालवायचं, असा विचार. तिघांनी मिळून तो केला होता आणि मला तो फार शहाणपणाचा वाटला.

अंगणवाडीच्या पत्र्याखाली बायका जमल्या. इंटर्न चांगलं बोलला. "एक पाकीट, एक लिटर पाणी. चोवीस तासांत संपवायचं. उरलं तर फेकून द्यायचं."

मागून एक म्हातारी हसली. "फेकून द्यायचं? पाणी? डाक्टर, तुमी कोन्या गावचे म्हनायचे?"

सगळ्या हसल्या. इंटर्नही हसला. कडेवर पोर घेतलेली एकजण म्हणाली, "येवढं लेकरू पितच नाय."

"थोडं थोडं पाजायचं, मावशी."

"मावशी नका म्हनू हो. तुमच्याहून धाकटी असंन मी."

पुन्हा हशा झाला. माझ्या मुलीनं जगावरच्या रेघेपर्यंत पाणी ओतलं, पाकीट फोडलं, ढवळलं, चमच्यानं चव घेऊन दाखवली. सगळं नीट केलं. मग जग खाली ठेवला आणि बायकांच्या हातांकडे बघत राहिली. एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, एक मिनिट, हे..."

इंटर्न बोलत होता. मी हात दाबला. ती गप्प झाली.

परतताना गाडीत तिनं सांगितलं. "त्या बायका लिटरभर करायच्या नाहीत. गिलासात करतील."

"म्हणजे?" इंटर्न म्हणाला.

"पाकीट सगळं, पाणी गिलासभर. आमच्याकडं बी तसंच करतात. फेकायचं कशाला? आणि कडक झालं की गुण लवकर येतो, असं वाटतं."

"अगं, पण आपण लिटर सांगितलं. तू स्वतः दाखवलंस."

"आपल्या जगात दाखवलं. त्यांच्याकडं जग आहे का?"

"पाकिटावर पण लिहिलंय," फार्मसीची मुलगी म्हणाली.

"वाचणार कोण? तू जाशील वाचून दाखवायला?"

मी म्हटलं, "भांडू नका. पत्रकात लिहा."

हे पत्रक म्हणजे या सगळ्या एकत्र शिकण्याचा कणा होता. प्रत्येक भेटीनंतर तुकडीनं मिळून एकच पत्रक भरायचं आणि ज्यावर तिघांचं एकमत असेल तेवढंच लिहायचं. एकमत शिकावं म्हणून तसं ठेवलं होतं. गिलासाच्या वाक्यावर दोघांचं म्हणणं पडलं, की त्यामुळे आपलं प्रात्यक्षिकच चुकलं असं दिसेल. एकमत झालं नाही, म्हणून वाक्य गेलं. पत्रक माझ्यापुढे आलं तेव्हा ते वाक्य नाही हे मला दिसलं. मी सही केली. पुढच्या आठवड्यात गेल्यावर बघू, असं मनाशी म्हटलं असेन. तसं म्हटलं होतं की आता जोडतेय, हे मला खात्रीनं सांगता येत नाही.

पुढचा आठवडा यायच्या आत ती कडेवरची पोर आमच्या बालरुग्ण वॉर्डात आली. नऊ महिन्यांची मुलगी. अंग तापलेलं, जीभ कोरडी, दुपारी कॉटवर घेता घेताच तिला झटका आला. रक्ताच्या तपासणीत सोडियम, म्हणजे मीठ, भलतंच वाढलेलं निघालं. इंटर्ननं आईला विचारलं, पावडर कशी दिली?

"सांगितली तशीच दिली की. येक बी पाकीट वाया नाय घातलं. तीन पाजली."

"पाणी किती घेतलं?"

तिनं अंगठा आणि बोट लांब करून गिलासाची उंची दाखवली.

आम्ही चौघांनी ते माप बघितलं. मला आठवतं, त्या क्षणी मी चादरीचा विचार करत होते. धुलाईला पाणी नव्हतं, कॉटवरची चादर कालचीच होती आणि ती बदलायला दुसरी नव्हती. पोरीचे हात आखडत होते आणि मी चादरीचा विचार करत होते.

असं वाढलेलं मीठ भराभर उतरवता येत नाही, मेंदूला सूज येते. दोन दिवस सलाईनचा थेंबन् थेंब मोजून द्यावा लागला. वरिष्ठ डॉक्टरांनी ठरवून दिलं, बाकीचं या तिघांनी केलं. फार्मसीची मुलगी हिशेब करायची, इंटर्न तो पुन्हा करून बघायचा आणि माझी मुलगी घड्याळ धरून थेंब मोजायची. एकदा ती म्हणाली, "सर, तुमचा आकडा चुकला." इंटर्ननं बघितलं आणि म्हणाला, "चुकला." बस, एवढंच. तुकडी म्हणजे काय ते मी त्या दोन दिवसांत पाहिलं. मला कौतुक वाटायला हवं होतं. मी नोंदी तपासल्या आणि घरी गेले.

तिसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी बैठक बोलावली. पोर झटक्यांतून बाहेर आली होती, पण पुढे काय राहील ते कुणी सांगत नव्हतं. सरांपुढे आमचं पत्रक होतं. त्यावर तीन रकाने होते. माहिती: वैद्यकीय. औषध: फार्मसी. प्रात्यक्षिक: नर्सिंग. सरांचं बोट तिसऱ्या रकान्यावर थांबलं.

"प्रात्यक्षिक बायकांना समजलं नाही, हे उघड आहे. मॅडम, तुमच्या मुलीची ही पोस्टिंग पुन्हा करून घ्या. सहा महिने. विषय इथंच मिटेल."

ती माझ्या शेजारी बसली होती. तिनं मान वर केली नाही. सहा महिने म्हणजे दाखला नाही, आणि जालना रोडवर यादीतली पुढची मुलगी. खोलीत हे फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

मी म्हटलं, "सर, तिला कळलं होतं. ती तिथंच बोलणार होती. मी थांबवलं."

"थांबवलं म्हणजे?"

"हातानं. गप्प बस म्हणून. नंतर गाडीत तिनं स्पष्ट सांगितलं, की या गिलासात करतील. ते पत्रकातून वगळलं. मला माहीत होतं. पत्रकावर सही माझी आहे."

सर जरा वेळ पेनशी खेळले. "बघा मॅडम, आपण इथं व्यक्ती शोधत नाही. हा संघ आहे. चूक झाली असेल तर ती तुकडीची."

"मग सहा महिने तुकडीला द्या. डॉक्टरांना द्या, फार्मसीला द्या. मला पण द्या."

इंटर्नचे कान लाल झाले. तो म्हणाला, "सर, ते वाक्य मी नको म्हटलं होतं." आवाज बारीक होता, पण म्हणाला.

"लेखी द्या, मॅडम," सर म्हणाले.

दिलं. सात ओळी झाल्या. त्यात खेद, दुर्दैव असले शब्द घातले नाहीत. कोण काय म्हणालं, मी काय केलं आणि सही. खाली जाऊन चहा घेतला.

फार्मसीची मुलगी मागोमाग आली. "मॅडम, तुम्ही एकट्यांनी कशाला लिहून दिलं? तुकडीची चूक म्हणजे कुणाचीच नव्हती ना."

"तेच तर," मी म्हटलं. तिनं ते वहीत लिहिलं नाही.

दहाव्या दिवशी पोर घरी गेली. मान धरत होती, आईकडे बघून हसत होती, डावा हात थोडा कमी हलवत होती. तो सुधारेल, असं डॉक्टर म्हणाले. निघताना आईनं विचारलं, "आता पुन्हा हगवन लागली तर ती पावडर द्यायची का नाय?"

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. उत्तर सगळ्यांना येत होतं. शेवटी माझी मुलगी पुढे झाली. "द्यायची, ताई. घरी पाणी कशात ठेवता?" आणि कॉटवर बसून, तिच्या तांब्याचं माप विचारत, ती अर्धा तास बोलत राहिली. मी मध्ये काही बोलले नाही.

नंतर पत्रक बदललं. एकमताची अट गेली, आणि ज्याचं म्हणणं वेगळं असेल त्यानं ते आपल्या नावानं लिहावं असा रकाना आला. प्रात्यक्षिक घरच्याच भांड्यात, घरच्याच पाण्यात करायचं ठरलं. त्यावर सरांनी कुठल्याशा परिषदेत भाषणही केलं म्हणतात. मला तुकड्यांच्या कामातून काढलं. कागदावर कारण होतं, अध्यापनाचा वाढता भार.

सहा महिन्यांचं पुन्हा कुणी काढलं नाही. महिनाअखेरीस मुलीचा दाखला वेळेवर आला. ती न्यायला आली तेव्हा मी इतर मुलींचे फॉर्म तपासत होते. तिनं तो उभ्या उभ्या वाचला, शिक्का बघितला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला. मला वाटलं, आता आभार मानेल. मी "असू दे" म्हणायला तयार होते.

ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही हात केला तेव्हा मी गप्प बसायला नको होतं."

"मी शिकवलं होतं तसं वागलीस."

"व्हय. तेच म्हणतेय." मग तिनं विचारलं, "आता तुकड्या कोण नेणार?"

"दुसऱ्या मॅडम. मी नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. रागानं नाही. तांब्याचं माप विचारत होती त्याच आवाजात. मग वाकून पाया पडली आणि गेली.

कित्येक महिन्यांत मला पहिल्यांदा काहीतरी लागलं. फार नाही. मी पुढच्या मुलीचा फॉर्म ओढला. तिला हाक मारून बाहेरून बोलावलं आणि तुला यात काही वेगळं म्हणायचं आहे का, असं विचारलं. ती दारात उभी राहून माझ्या हाताकडे बघत होती.