चंद्रीची मुंबई आणि माझा सोमवार

मुंबईला जायचं मी ठरवलं ते समुद्र बघायला नव्हे, माझ्या धाकट्या जावेचं तोंड बंद करायला. तिचं नाव चंद्री. मी घरातली थोरली सून असून आळंदीपलीकडे गेले नव्हते, आणि ही कालची आलेली पोर नणंदेकडे मुंबईला जाऊन आली. त्यानंतर आमच्या चाकणच्या घरात मुंबईवाचून एक दिवस सुना गेला नाही. भाकरी थापताना ट्राम, कांदे निवडताना चौपाटी. आळीतल्या बाया कामं टाकून तिच्याभोवती बसायच्या. ट्राम कशी वळते हे सांगताना ती अशी कलायची की ऐकणाऱ्या बायाही कलायच्या. मला कुणी विचारायचं नाही.

ही गोष्ट सन पन्नास ते साठच्या मधली. त्या साली कांद्याला भाव बरा मिळाला, तशी मी आमच्या ह्यांच्या मागे लागले. हे राजी झाले. पण सासूबाई म्हणाल्या, "चंद्रीला बी ने. तिला वाट ठाव हाय." घ्या! जिची जिरवायला निघाले, तीच माझी वाटाडी.

चाकणहून तळेगावपर्यंत बैलगाडी, पुढे पॅसेंजर. तुम्ही जाल तेव्हा खंडाळ्याला खिडकी सोडू नका. बोगद्यात डबा काळामिट्ट होतो आणि बाहेर आलं की सगळी दरी अंगावर येते. मी देवाचं नाव घेतलं. चंद्री शेजारून म्हणाली, "भ्यायचं न्हाई जाऊबाई, अजून लई बोगदं हायेत." कर्जतला गरम वडा मिळाला. तो झणझणीत होता, पण मला तिच्या बोलण्याचाच ठसका लागला.

लालबागेत नणंदेची, गंगूवन्संची, एकच खोली. तिथं जेवताना वन्सं ह्यांना म्हणाल्या, "दादा, उद्या चंद्रीवहिनीला मुंबई दावा. मागं माझ्या बाळंतपणाला दोन महिनं राबली बिचारी, पर जिन्याखाली उतरली न्हाई."

चंद्रीचा घास हातातच राहिला. तिनं माझ्याकडे पाहिलं. खरं सांगते, कर्जतच्या वड्यापेक्षा ते वाक्य मला चवदार लागलं. आता घरी जायचं, बाया जमवायच्या आणि एका वाक्यात हिची मुंबई बुडवायची!

दुसऱ्या दिवशी मात्र देवानं माझीच फजिती केली. सोमवार होता. चंद्री गुरुवार करायची, म्हणून सासूबाईंसमोर कमी पडायला नको या हट्टानं मी सोळा सोमवार धरले होते. कांद्याच्या आणि रेल्वेच्या नादात वार बघायचा राहूनच गेला.

ट्राममध्ये बसलो. वळणावर घंटा वाजली आणि आम्ही सगळे कललो. अगदी चंद्रीनं सांगितलं होतं तस्सं. मी हळूच विचारलं, "न बघता कसं गं ठाऊक तुला?"

"खिडकीतनं घंटा यायची," ती म्हणाली. "बाकी वन्सं सांगायच्या. उरलेलं मी लावलं." मग खाली बघत म्हणाली, "सांगणार का वो घरी?"

"बघू," मी म्हणाले. सोडते होय!

राणीच्या बागेत हत्ती पाहिला. दुपारी खाणावळीत त्या दोघांनी पुरी-भाजी खाल्ली, मी केळी सोलली. बागेतल्या माकडाच्या हातातही केळंच होतं. चंद्री हसली नाही, ह्याचाच मला जास्त राग आला. संध्याकाळी चौपाटीवर चिंचेचा वास सुटला होता. भेळवाला कांदा चिरत होता.

"आपलाच कांदा असंल," हे म्हणाले. "खा गं, घरचंच हाय."

"उपास नैवेद्य दाखवून सोडायचा असतो, भेळेवर न्हाई!"

चंद्रीनं पहिला घास घेतला, डोळे मिटले. "कसं लागतं?" मी विचारलं.

"न्हाई सांगत," ती म्हणाली. "तुमाला तरास हुईल." त्यानं तर आणखीच झाला.

घरी परतलो. बाया जमल्या. शेजारची शेवंता पहिल्यांदाच माझ्याकडे वळली. "थोरले, आज तू सांग." चंद्री अंगणातल्या चुलीपुढे लाकडं सारत बसली. वाक्य जिभेवर होतं. म्हटलं, आधी माझी मुंबई सांगू, मग तिची बुडवू.

"ट्राम असती ना," मी सुरू केलं, "ती लांब असती. लोखंडाची."

"मग?"

"मग काय, बसायचं आन् उतरायचं."

शेवंतानं जांभई दिली. एकीला दूध उतू जायची आठवण झाली. बाया उठायला लागल्या. ते वाक्य बोलले असते तर चंद्री पडली असती, पण मग त्या अंगणात मुंबई सांगायला उरलं असतं कोण? मी?

"चंद्रे," मी म्हणाले, "तू सांग बाई. तुला जास्त ठाव हाय."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि सुरू झाली. उठलेल्या बाया परत बसल्या. भेळ आली, हत्ती आला, समुद्र आला. तिचा समुद्र खारट होता, मी पाहिलेला नुसता ओला.

चंद्री आता नाही. पण आजही कुणी मुंबईचं नाव काढलं की मला आठवते ती तिचीच मुंबई. पाय माझे दुखले, उपास मला घडला, आणि आठवण तेवढी त्या बयेची. असा दरोडा कुणी घातलाय का कुणाच्या घरी?