कमी होत जाणारा आवाज

बातमी आली तेव्हा वैशालीचा आवाज माझ्या कानात होता. अगदी शब्दशः. महाडच्या आमच्या कॉलेजात प्रथम वर्षाचं संगणकाचं प्रात्यक्षिक चालू होतं. वैशाली उतेकर, आमची संगणकाची प्राध्यापिका आणि माझी मैत्रीण, आईकडे गावी, कापड्याला गेली होती, म्हणून तिचा तास मी घेत होते. मी गणिताची, प्रोग्रॅमिंग मला जेमतेम येतं. एका मुलीचं काहीतरी अडलं, तिनं आपला हेडफोन माझ्यापुढे केला. "मॅडम, हे काय सांगतंय बघा ना." मी एक कान लावला. आत वैशाली म्हणत होती, "थांब. पळू नको. आत्ता काय लिहिलंस ते ओठ हलवून वाच." तेवढ्यात फोन वाजला. मी तो दुसऱ्या कानाला लावला. तिचा भाऊ होता. "रेहानाताई, वैशू गेली... सकाळी चुलीपाशीच कोसळली. पोलादपूरला नेईपर्यंत काहीच उरलं नव्हतं." एका कानात तो रडत होता आणि दुसऱ्या कानात ती अगदी शांतपणे विचारत होती, "वाचलंस? मग आता सांग, चूक कुठं आहे?"

वैशाली कापड्याच्या भातशेतीतून शिकून पुण्याला गेली, तिथं कंपनीत चांगली नोकरी केली आणि एक दिवस सगळं सोडून परत आली. का आलीस, असं विचारलं की म्हणायची, "तिथं मी लोकांची कामं सोपी करत होते. इथं मुलांना पहिली पायरीच सापडत नाही." आमच्याकडे पोलादपूरच्या वाड्यांवरची मुलं येतात, बिरवाडीत भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगारांची येतात, महाड शहरातलीही येतात. मोबाईल सगळ्यांच्या हातात, पण कीबोर्डसमोर बसले की अंग आखडून बसतात. प्रोग्रॅममध्ये एक खूण चुकली की पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी ओळी येतात. वरंधच्या एका मुलीनं त्या ओळी पाहून हात मागे घेतले आणि ती म्हणाली, "मॅडम, हा आपल्यावर खेकसतोय." वैशाली त्या संध्याकाळी माझ्या घरी आली, चहा निवून गेला तरी तिच्या डोक्यातून ते वाक्य जाईना. त्यातूनच 'सोबत' तयार झालं. मुलाची चूक ओळखून त्याला मराठीत इशारा देणारं सॉफ्टवेअर. उत्तर सांगायचं नाही, फक्त बोट दाखवायचं. आधी तिनं इशारे लिहून दिले. मुलं वाचेनात. मग ती म्हणाली, "बोलूनच सांगावं लागेल."

तो उन्हाळा मला आठवतो. तिच्या भाड्याच्या खोलीत खिडक्यांना गोधड्या लावलेल्या, पंखा बंद, आणि घामानं निथळत ती माइकसमोर बसलेली. बाहेर रिक्षा गेली की पुन्हा पहिल्यापासून. एकेक वाक्य ती अनेक तऱ्हांनी म्हणायची, कारण तीच चूक पुन्हा करणाऱ्याला तोच सूर ऐकवायचा नाही, असा तिचा हट्ट होता. बराच वेळ कळ दाबली गेली नाही तर विचारायचं वाक्यसुद्धा तिनं केलं होतं, "अडलं का कुठं? मी आहे." ते वाक्य म्हणताना ती समोरच्या भिंतीकडे अशी बघायची की मी एकदोनदा मागे वळून पाहिलं. कोणीच नसायचं. "कुणाशी बोलतेस?" मी विचारलं. "अजून आलं नाही ते," ती म्हणाली आणि हसली. मलाही हसू आलं, पण अंगावर काटा आला होता हेही खरं.

सॉफ्टवेअर मुलांना आवडलं. सगळे खूश झाले, एक वैशाली सोडून. तिला ते खरंच शिकवतं का, हे तपासायचं होतं. माझं आकडेवारीचं ज्ञान तिच्या कामी आलं. आम्ही वर्गाचे दोन गट केले, एकाला 'सोबत' दिलं, दुसऱ्याला नेहमीसारखं शिकवलं. सरावात पहिला गट कितीतरी पुढे होता. मग सॉफ्टवेअर बंद ठेवून दोन्ही गटांची परीक्षा घेतली. दुसरा गट धडपडत का होईना लिहू लागला. पहिल्या गटातली मुलं... ते दृश्य मी विसरू शकत नाही. हेडफोन खुंटीवर टांगलेले होते. मुलं पडद्यासमोर बसली होती, आणि जवळजवळ सगळ्यांच्या माना एकाच बाजूला कलल्या होत्या, उजव्या खांद्याकडे. हात मांडीवर. कोणी पुटपुटत नव्हतं, कोणी इकडेतिकडे बघत नव्हतं. भर दुपारी, उजेडानं भरलेल्या त्या खोलीत ती सगळी जणू कान देऊन होती. वैशालीनं माझा दंड घट्ट धरला. "रेहाना, ही कुणाची वाट बघतायत गं?" उत्तर आम्हा दोघींनाही माहीत होतं.

पुण्याच्या एका परिषदेत तिनं हे निकाल मांडायचे ठरवले. ओळखीतल्या एका प्राध्यापकांनी सुचवलं, की सरावाचे आकडे तेवढे दाखवा, उगाच परीक्षेचं कशाला. तिनं परीक्षेचेच आधी दाखवले. परतताना वरंधा घाटात गाडी थांबवून आम्ही कणसं खाल्ली, तेव्हा ती म्हणाली, "मी शिकवलं नाही. मी सवय लावली." नंतर कितीतरी महिने ती एकाच गोष्टीच्या मागे लागली. मुलाला जसजसं येत जाईल तसतसा आवाज कमी व्हायला हवा. आधी पूर्ण वाक्य, मग अर्धं, मग नुसतं 'हं', मग काहीच नाही. मुलाच्या नकळत. "मला त्यांच्या कानातून निघून जाता आलं पाहिजे," हे तिचे शब्द. ही नवी आवृत्ती तिनं यंदाच्या वर्गाला दिली. परीक्षा मात्र व्हायची राहिली, त्याआधी तीच गेली.

ती गेल्यानंतरचे दिवस विचित्र होते. कॉलेज सुरू झालं आणि मुलं पुन्हा त्या खोलीत बसली, पुन्हा हेडफोन लावले. बिरवाडीच्या एका मुलानं मात्र हात लावायला नकार दिला. "मॅडमचं बारावं झालं. मला नाय ऐकायचं," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. उलट एक मुलगी एकच चूक मुद्दाम करताना मला दिसली. मी काही विचारायच्या आत तिचे डोळे भरले. दत्ताराम, आमचा शिपाई, खोलीला कुलूप लावायला एकटा जाईनासा झाला. मी त्याला हसले, आणि एका दुपारी स्वतःच गेले. रिकाम्या खोलीत शिरले तोच खिडकीकडून आवाज आला, "अडलं का कुठं?" कोणीतरी लॉग आउट न करता गेलं होतं आणि हेडफोन नीट न लावल्यामुळे आवाज स्पीकरमधून येत होता. एवढंच. मला ते कळलंही, पण तिथपर्यंत चालत जायला फार वेळ लागला. मी खुर्चीत बसेपर्यंत ती पुन्हा म्हणाली, "मी आहे."

प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, की मुलांच्या मनावर परिणाम होतो, हे बंद करा. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी मागितली ती एकच परवानगी : परीक्षेपर्यंत राहू द्या. वैशालीनं विचारलेला प्रश्न अर्धाच सुटला होता. परीक्षेच्या दिवशी मी हेडफोन खुंटीला टांगले आणि पाठ करून उभी राहिले, बघायची हिंमत होईना. मागे शांतता होती. मग एक कळ वाजली, मग दुसरी, आणि मग कौलांवर पाऊस वाढावा तसा सगळ्या खोलीभर कळांचा आवाज वाढत गेला. मी वळले. माना सरळ होत्या. एकही मूल कान देत नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही; पण त्याच वेळी वाटलं, की आत्ता या खोलीतून कोणीतरी उठून गेलं.

निकाल लागल्यावर काही दिवसांनी वैशालीची आई आली. सुभद्राकाकी, सातवीपर्यंत शिकलेल्या, हातात भाजीची पिशवी. लेकीच्या कपाटातल्या वस्तू न्यायला आल्या असतील असं मला वाटलं. त्यांनी कपाटाकडे पाहिलंही नाही. "रेहानाबाई, तुमच्या कालेजात माजी वैशू बोलते म्हनतात. खरं हाय का?" मी मान हलवली. "मग मला ऐकवा." आवाज ऐकायचा तर विद्यार्थी व्हावं लागतं, चुकावं लागतं. मुलांसाठी 'सोबत' बंद झालं होतं, पण एका संगणकावर मी ते राहू दिलं होतं; तिथं त्यांचं नाव नवीन विद्यार्थी म्हणून घातलं आणि स्पीकर चालू केला. "ये," वैशाली म्हणाली. "घाबरू नको. इथं काही मोडत नाही." काकींनी पदर सावरला. "नाय घाबरत गो," त्या पडद्याला म्हणाल्या.

पहिला धडा म्हणजे संगणकाला आपलं नाव दाखवायला सांगायचं. वैशालीनं कळांवर मराठी अक्षरं चिकटवलेली होती. काकींनी एकेक शोधून बोट दाबलं, शेवटी कंस मिटायचा राहिला. "दार उघडलंस, लावलं नाहीस," आवाज आला. "कुत्रं शिरेल ना आत." काकी एकदम माझ्याकडे वळल्या. "हे तर माजं बोलनं हाय! ती ल्हान असताना मी तिला..." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं होतं, ते मूळचं कोणाचं ते मला ठाऊक नव्हतं. मुलगी आईच्याच शब्दांत आईला शिकवत होती.

दर आठवडी बाजाराच्या दिवशी काकी येऊ लागल्या. एस्टीतून उतरून आधी माझ्याकडे, मग बाजार. नाव दाखवून झालं, गावाचं नाव झालं, दोन ओळी झाल्या. वैशाली बोलायची, काकी उत्तर द्यायच्या, कधी तिलाच रागवायच्या. मी शेजारी बसायची. आणि हळूहळू वाक्यं तुटू लागली. "दार उघडलंस..." एवढंच. मग नुसतं "हं." एक दिवस काहीच आलं नाही. काकी थांबल्या. "आज ती गप का?"

"काकी, तुम्हाला आता येतं म्हणून."

"मंजे मी शिकले तर ती जानार?"

काकी पडद्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी ती ओळ पुन्हा लिहिली, शेवटच्या कंसाच्या कळेवर बोट नेलं आणि मागे घेतलं. मी पाहिलं, त्यांनीही मला पाहताना पाहिलं.

स्पीकरमधून किंचित हसल्यासारखा श्वास आला. "हे तुला येतं," वैशाली म्हणाली. "आता मी नाही सांगणार."

हे वाक्य मी कधीच ऐकलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात इतक्या वेळा मी तिच्या खोलीत बसले होते, ते तिनं केव्हा म्हटलं कोण जाणे. मी खुर्ची मागे सारली. काकी मात्र हलल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून बसल्या, लेक घरातून निघाली की दारात जरा वेळ बसावं तशा. मग "बरं," म्हणाल्या, आणि कंस मिटला. पडद्यावर त्यांचं नाव आलं.

पुढच्या बाजाराला त्या येणार नाहीत असं मी धरून चालले होते. त्या आल्या. नेहमीच्या खुर्चीत बसल्या, पिशवी पायाशी ठेवली आणि हात लांब करून स्पीकरचं बटण स्वतःच बंद केलं.

"पुढचा धडा काढा," त्या म्हणाल्या.