इनांगाहुआच्या तिठ्यावर पन्नास मिनिटं

ही ट्रिप आमच्या वेलिंग्टनमधल्या जॉन्सनव्हिलच्या स्वयंपाकघरात भांडून पदरात पाडून घेतलेली आहे. भांडण मी आणि माझा नवरा मिलिंद यांच्यात झालं, विषय माझी निळी बाईक.

मागच्या हिवाळ्यात एका गारठलेल्या सकाळी रिमुटाकाच्या घाटात मी पडले होते. बोटं बधिर झाली होती, थांबायला हवं होतं, पण ‘आता काय, पाचच किलोमीटर’ म्हणत राहिले आणि वळणावर ब्रेक उशिरा लागला. मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर होतं आणि तेवढे दिवस मिलिंद रोज सकाळी माझी वेणी घालायचा. इतकी वाकडी वेणी मी शाळेतसुद्धा मिरवली नसेल. केस विंचरताना मध्येच त्याचा हात थांबायचा. त्यामुळे ‘साउथ आयलंडला बाईकची गायडेड टूर करणार’ असं मी जाहीर केलं, तेव्हा तो का पेटला ते मला कळत होतं. तरी मी माघार घेतली नाही.

मिलिंद एका फूड कंपनीत क्वालिटी ऑडिटर आहे. भांडण विकोपाला गेलं की तो कागद काढतो. त्या दिवशीही काढला आणि दोन कलमं लिहिली. एक, रोज मुक्कामाला पोचल्यावर फोन. दोन, बाईक एकदाही ट्रेलरवर चढली, तर परत आल्यावर विकायची. कारण टूरच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की ताफ्याच्या मागे एक व्हॅन असते आणि कुणाला झेपलं नाही तर त्याची बाईक तिच्या ट्रेलरवर चढवतात.

“झेपलं नाही तर कबूल करायचं. तेवढंच म्हणतोय मी,” तो म्हणाला.

“झेपेल,” म्हणत मी रागारागात सही ठोकली. आमची सतरा वर्षांची तन्वी साक्षीदार. तिनं “यू गाइज आर सो वीअर्ड” म्हणत सही केली आणि कागद फ्रिजवर चिकटवला.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. इथं बाईकचं लायसन्स पायऱ्यापायऱ्यांनी मिळतं, लर्नर, मग रिस्ट्रिक्टेड, मग फुल. नागपुरात बाबांच्या मोपेडवर कॉलेजला जायचे, तो अनुभव इथं कुणी विचारात घेत नाही. माझी टूर तीन दिवसांची, क्राइस्टचर्च ते क्राइस्टचर्च. हॉटेल, नाश्ता, गाइड आणि मागची व्हॅन धरून अठराशे डॉलरच्या आसपास. पेट्रोल आणि जेवण आपलं. बाईक भाड्यानं मिळते, पण मी माझीच नेली. वेलिंग्टनहून फेरीबोटीनं पिक्टन, तिथून समुद्राच्या कडेकडेनं कायकोरामार्गे क्राइस्टचर्च. तो रस्ता एकटीनं करताना हेल्मेटच्या आत मी मोठ्यानं गाणी म्हटली. मी एरवी बाथरूममध्येही गात नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही नऊ जण निघालो. गाइड ट्रिश, पंचावन्नची असेल, आवाज मास्तरणीचा. “किया ओरा!” असा माओरी नमस्कार करून तिनं पहिल्यांदा समजावला तो मार्करचा नियम. ताफा मोठा असला की सगळे एकमेकांना दिसत नाहीत. म्हणून जिथं रस्ता फुटतो तिथं ट्रिशच्या लगेच मागचा स्वार थांबतो आणि हात लांब करून मागच्यांना दिशा दाखवतो. सगळे गेले, शेवटी नारिंगी जाकिटातला टूरचा माणूस केव्हिन आला, की मार्करनं त्याच्या पुढे लागायचं. केव्हिनच्या मागे फक्त ड्रायव्हर हेमीची ट्रेलरवाली व्हॅन.

“केव्हिन दिसेपर्यंत हलायचं नाही. पाऊस येवो, मेंढ्या येवोत, स्वतः पंतप्रधान येवोत,” ट्रिश म्हणाली. “दीड तास झाला तर मी स्वतः परत येते.”

पहिला दिवस आर्थर्स पासचा. सोन्याच्या शोधात माणसं वेस्ट कोस्टला धावली, त्या काळात हा रस्ता भर हिवाळ्यात कुदळ-फावड्यांनी खणला आणि मग त्यावरून घोड्यांच्या गाड्या धावल्या. आपल्याला डांबर मिळालंय, तेव्हा तक्रार करू नये. तरी घाटमाथ्यानंतर ओटिराचा उंच पूल समोर आला, एका बाजूला दरी आणि कड्यावरचा धबधबा पन्हळीतून चक्क रस्त्याच्या वरून पलीकडे सोडलेला, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. मनगट जुनी आठवण काढून ठणकायला लागलं. मी पार गोगलगाय झाले. मागे केव्हिन तसाच हळूहळू येत होता. व्ह्यू पॉइंटवर आधीच एका किया पोपटानं माझ्या सीटचं रबर उचकटलं होतं, तेवढ्यावरून मी त्या पोपटाशी मराठीत भांडून घेतलं होतं.

उतारानंतर कुमारा जंक्शन लागतं. तिथं गोल चौकाच्या मधून थेट रेल्वेचे रूळ गेलेत आणि त्या चौकाच्या कडेला एक धिप्पाड माणूस हात लांब करून उभा होता. तो कॉलिन, पामर्स्टन नॉर्थचा निवृत्त प्लंबर. बाकीचे केव्हाच मुक्कामाला होकिटिकाला पोचले होते, हा माझ्यासाठी ताटकळत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी मी त्याला तिसऱ्यांदा सॉरी म्हटलं.

“कशाबद्दल?” तो म्हणाला. “मी एक पाय खाल्ला (पाय म्हणजे इथली खिम्याची पेस्ट्री), एका ट्रेनला हात केला. सगळे हॉर्न देऊन गेले. स्वीट अ‍ॅज.”

म्हणजे एकदम मस्त. मला ते काही खरं वाटलं नाही. माणसं शिष्टाचार म्हणून बोलतात. मी व्हाइटबेटचं ऑम्लेट खाल्लं (बारीक पांढरे मासे अंड्यात, वरून माझ्या डबीतलं तिखट), मिलिंदला फोन केला आणि ‘ट्रेलर रिकामा’ असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रिशनं मला स्वतःच्या लगेच मागे घेतलं. हळू चालवणाऱ्याला पुढे ठेवलं की ताफा तुटत नाही, असं तिचं म्हणणं. ग्रेमाउथ, मग पुनाकाइकीचे भाकरीच्या चवडीसारखे खडक. वेस्टपोर्टला जेवण आणि पेट्रोल. टाकी तिथंच भरा, पुढे भरवसा नाही. ट्रिशच्या मागे मी छान चालवत होते. ती वळणावर जशी झुकेल तशी मी झुकत होते आणि मनगटाचा विसर पडला होता. बुलर नदीच्या खिंडीत एके ठिकाणी कडा खणून एकच गाडी जाईल एवढा रस्ता काढलाय, डोक्यावर खडक, खाली काळपट पाणी. तिथून पार होताना मी आनंदानं ओरडले. नेमका तिथंच पाऊस सुरू झाला.

इनांगाहुआला रस्ता फुटतो. सरळ गेलं तर मर्चिसन, उजवीकडे आमच्या मुक्कामाचं रीफ्टन. ट्रिशनं बोट दाखवलं, मी थांबले. माझी पहिली मार्कर ड्यूटी! हात लांब केला. एकामागून एक बाइक्स आल्या, हॉर्न वाजवत उजवीकडे वळल्या. मी मोजत होते. ट्रिशची धरून सहा गेल्या. मग कुणी येईना.

राहिले होते कॉलिन आणि केव्हिन. आणि हेमीची व्हॅन.

दहा मिनिटं गेली, वीस गेली. फोनला रेंज नव्हती. पाऊस आडवा येत होता आणि माझे वॉटरप्रूफ म्हणून घेतलेले हातमोजे नावापुरतेच वॉटरप्रूफ निघाले. आडोशाला झाड होतं, पण झाडाखाली गेलं की मी रस्त्यावरून दिसत नव्हते. म्हणून उघड्यावरच उभी राहिले.

पंचविसाव्या मिनिटाला एक यूट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, येऊन थांबली. हौद्यात दोन ओली कुत्री, काच खाली करून एक म्हातारा शेतकरी.

“ठीक आहेस ना? तुझी माणसं रीफ्टनला पोचली असतील एव्हाना. पबमध्ये मोठी शेकोटी असते. जा की.”

“मागचा माणूस यायचाय अजून,” मी म्हटलं.

“तो येईल की आपापला.”

“मी दिसले नाही तर तो सरळ जाईल. मर्चिसनला.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. थर्मासच्या झाकणात अर्धा कप चहा ओतून दिला, मी पिईपर्यंत थांबला आणि “गुड ऑन या” म्हणून गेला. तो चहा बेचव आणि गोडमिट्ट होता आणि मी त्या म्हाताऱ्याला जन्मभर विसरणार नाही.

खरं सांगते, नंतरची पंचवीस मिनिटं मी मजेत होते. थंडी वाजत होती, दात वाजत होते, सगळं कबूल. पण वैताग नव्हता. कॉलिन कुठं अडकला असेल याची काळजी होती आणि तो आला की मी इथं असेन याचं बरं वाटत होतं. तेव्हा पटलं की कुमाराबद्दल तो थापा मारत नव्हता. पूर्ण दिवसभर मी ज्याची लाज वाटून घेतली, ते त्याला अजिबात जड गेलं नव्हतं.

पन्नास मिनिटांनी खिंडीच्या बाजूनं दिवे दिसले. पुढे कॉलिन, मागे नारिंगी जाकीट, त्यामागे हेमीची व्हॅन. कॉलिनचं मागचं चाक पंक्चर झालं होतं आणि पावसात दुरुस्त करायला वेळ गेला होता. त्यानं मला पाहिलं, बाईक थांबवली आणि हेल्मेटची काच वर केली.

“यू स्टेड.”

“पाय नव्हता माझ्याकडे,” मी म्हटलं, “नाहीतर अजून थांबले असते.”

हसत मी बाईकवर बसले, क्लच दाबायला गेले आणि बोटं वळेचनात. पुन्हा प्रयत्न केला. बोटं माझी नव्हतीच जणू. रीफ्टन पस्तीसेक किलोमीटर. ‘आता काय, पस्तीसच’ असं मनात आलं आणि मी क्लचवरचा हात काढला. हेच वाक्य मी रिमुटाकाला म्हटलं होतं.

केव्हिन म्हणाला, “दहा मिनिटं व्हॅनमध्ये शेक घे, मग बघ.” मी दहा मिनिटं शेक घेतला, बघितलं, उजवं मनगट अजून थरथरत होतं. अंधारून यायला लागलं होतं.

“हेमी,” मी म्हटलं, “चढव.”

निळी ट्रेलरवर चढली. पट्टे आवळताना हेमी काहीतरी विनोद करत होता आणि मी हीटरसमोर बसून रडत होते. निर्णय बरोबर होता. तरी रडत होते.

रात्री फोनवर मिलिंदनं विचारलं, “सगळं ठीक?”

“हो,” म्हटलं. ट्रेलरचं काही त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तिसरा दिवस या टूरमधला सगळ्यात सुंदर. पाऊस धुऊन गेलेला, लुईस पासच्या जंगलात धुकं उतरलेलं, रस्ता मोकळा. हॅनमरला गरम पाण्याची कुंडं आहेत, टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, न विसरता न्या. मी गळ्यापर्यंत पाण्यात बसले आणि मनगटाला म्हटलं, बाबा रे, तुझी चूक नाही. क्राइस्टचर्चला निरोप घेताना ट्रिशनं मला मिठी मारली आणि म्हणाली की पुढच्या वेळी हातमोजे तेवढे बदल. पुढची वेळ कसली, मी मनात म्हटलं. कोरड्या उन्हात पिक्टनपर्यंत निळी अशी काही धावली, जणू तिला काही माहीतच नाही.

फेरीत साडेतीन तास मी वाक्यं जुळवत बसले. हेमी, केव्हिन, कॉलिन, कुणीही मिलिंदला सांगणार नव्हतं. पण ज्यानं दीड महिना वेणी घातली, त्याला खोटं सांगून ती बाईक दारात उभी करणं मला जमणार नव्हतं.

मोटरवे सोडून जॉन्सनव्हिलमध्ये शिरले. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर डेअरी आहे, दूध-पावाचं दुकान. त्या कोपऱ्यावर कामाचं नारिंगी जाकीट घालून मिलिंद उभा होता. डावा हात लांब करून, घराकडे. शेजारी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घातलेली तन्वी, आइसक्रीम खात.

मी बाईक थांबवली.

“तो अ‍ॅक्च्युअली एक तास उभा आहे,” तन्वी मराठीत म्हणाली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मग इंग्रजीत, “पीपल वेअर आस्किंग हिम फॉर डिरेक्शन्स.”

“केव्हिन नाही मागे?” मिलिंदनं विचारलं. नियम त्याला पहिल्याच रात्री फोनवर सांगितला होता.

मी काच वर केली. जुळवलेली सगळी वाक्यं गेली. “ट्रेलरवर चढली रे,” म्हटलं. “दुसऱ्या दिवशी.”

त्यानं हात खाली घेतला. “घरी चल आधी.”

स्वयंपाकघरात चहा ठेवून त्यानं ऑडिटच सुरू केलं.

“का चढवली?”

“बोटं वळत नव्हती. गारठली होती.”

“कशानं?”

“पावसात उभी होते. मार्कर म्हणून.”

“किती वेळ?”

“पन्नास मिनिटं.”

“आणि मग चढवायला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मीच.”

त्यानं कप माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, “रिमुटाकाला एवढंच केलं असतंस ना, प्रज्ञा.”

मग उठून फ्रिजपाशी गेला, खिशातलं पेन काढलं. ऑडिटवाले कागदावरचं कधी पूर्ण खोडत नाहीत. मधून एकच रेघ मारतात, जुनं वाचता यायला हवं, आणि शेजारी सही करतात. तशी त्यानं दुसऱ्या कलमातल्या एका शब्दावर रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं.

“यू कान्ट जस्ट चेंज इट, बाबा,” साक्षीदार म्हणाली.

“तू पण सही कर, म्हणजे चालतं.”

कागद अजून फ्रिजवर आहे. बाईक एकदाही ट्रेलरवर चढली, तर परत आल्यावर, आणि मग रेघ मारलेलं ‘विकायची’, त्याच्या वर ‘गरम होणारे हातमोजे घ्यायचे’. शेजारी आम्हा तिघांच्या सह्या.