लाखांदूरच्या वाटेवरचा स्नो मोड

संकटाची तयारी संकट येण्याआधी करावी, असे मी मानतो. म्हणून भंडारा जिल्ह्यात राहून मी बर्फावर चालणारी गाडी घेतली.

गाडी जुनी, नागपूरहून आणलेली, ऑटोमॅटिक. तिच्यात एक बटण होते आणि त्यावर हिमकणाचे नाजूक चित्र. स्नो मोड! आमच्या पवनीत उन्हाळ्यात डांबर चपलेला चिकटते. तिथे मी संध्याकाळी अंगणातल्या बंद गाडीत त्या चित्राकडे बघत नुसता बसून राहायचो. थोड्या वेळाने समोरची संडासाची टाकी पुसट व्हायची, देवदार दिसू लागायचे, भुरभुर काहीतरी पांढरे पडायला लागायचे... आणि काचेवर टकटक व्हायची. बायको, सुनंदा.

"अवो, गाडी बंद हाय. कुठी जाऊन राहिले?"

येणाऱ्याजाणाऱ्याला मी ते बटण दाखवी. शेजारी दुसरे होते, घसरलेल्या गाडीच्या चित्राचे. ते ट्रॅक्शन कंट्रोल. दोन्हींतला फरक मी समोरच्याचा चहा थंड होईपर्यंत समजावत असे. स्नो मोड लावला की गाडी पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये निघते. अॅक्सिलरेटर कितीही दाबा, ताकद हळूहळूच देते. चाक घसरूच नये, एवढाच तिचा हेतू. ट्रॅक्शन कंट्रोल मात्र चाक घसरल्यावर जागे होते. इंजिनची ताकद कापते, मोकाट फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावते.

"म्हणजे एक माही आई," सुनंदा म्हणाली. "घरातून निघाच्या आधीच सांगते, हळू जाय. अन् दुसरा माहा बाप. पडल्यावर कान पकडते."

विज्ञान इतके सोपे करून टाकलेले मला आवडत नाही.

मग माझ्या भाचीचे, रुचिताचे, लग्न जुळले. मुलगा फौजेत, लेहला. (बर्फ! आता नात्यात एक तरी माणूस मला समजून घेणार होता.) साक्षगंध (म्हणजे साखरपुडाच) लाखांदूरच्या हॉलमध्ये ठरले. मुलाची सुटी संपत आलेली. अंगठी घालून दुपारी त्याला नागपूरहून रेल्वे धरायची होती. ही वेळ हुकली तर पुढची सुटी कधी मिळेल ते त्यालाही ठाऊक नव्हते. रुचिता नोकरीसाठी आमच्याकडेच राहायची. तेव्हा नवरीला वेळेत पोचवण्याचे काम माझ्यावर आले. तिच्या आईने, माझ्या ताईने, आदल्या दिवशी फोनवर बजावले, "डांबरी रोडनंच ये जो. तुह्या गाडीचं कौतुक मले नोको सांगू."

निघालो तेव्हा धुके होते. उन्हाळी धानाची चिखलणी सुरू झालेली. शेतांच्या बांध्यांमध्ये कालव्याचे पाणी भरलेले, त्यावर धुके टेकलेले, आणि त्या सगळ्या पांढऱ्यात पांढरे बगळे हलके हलके चालत होते. जमीन कुठे संपते आणि आभाळ कुठे लागते, काही कळेना. रुचिता काचेला नाक लावून बसली होती. मला वाटले, हाच तो दिवस! इतकी वर्षे अंगणात बसून पाहिलेला देश स्वतःहून माझ्याकडे आला होता. कालव्याच्या कडेने जाणारी कच्ची वाट दिसली आणि मी गाडी तिच्यावर घातली. हिमकणाचे बटणही दाबले.

"इकून काहून?" सुनंदा दचकली.

"जवळ पडते."

"कोणाले?"

त्या वाटेवरून लोखंडी चाकांचे ट्रॅक्टर रोज शेतात उतरत होते, आणि कालवाही थोडा पाझरत होता. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, अत्यंत सभ्यपणे, त्या लोण्यासारख्या चिखलात शिरली. चाक किंचित घसरले. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लुकलुकला. इंजिनचा आवाज बारीक होत गेला आणि गाडी ध्यानाला बसली.

मी अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. हूं की चूं नाही!

"आई अन् बाप, दोघंही एकदमच बसले वाट्टे," सुनंदा म्हणाली.

आम्ही दोघे उतरलो. सुनंदाने शालू खोचला, जवळच्या ढिगातले तणस, म्हणजे धानाचा पेंढा, ओढून आणले आणि चाकांखाली कोंबले. इथल्या माणसाला चिखलातून गाडी काढायला एवढे पुरते. मीही परत आत बसून विचारपूर्वक स्नो मोड बंद केला. गाडी पहिल्या गिअरमध्ये जोमाने निघाली, चाक गर्रकन फिरले, पिवळा दिवा लुकलुकला, आणि पुन्हा ध्यान!

"ते दुसरं बटन दाबा ना!"

"अगं, स्नो मोड काढला म्हणजे ते सगळंच निघालं."

"मंग रोज दोन कायले सांगत होते?"

तेवढ्यात फोन वाजला. ताई.

"पोरगा घड्याळ पाहून राहिला! कुठी हा तुमी?"

"धुक्यात," मी म्हणालो. ते खरेच होते.

रुचिताने सँडल काढून हातात घेतल्या आणि डांबरी रस्त्याकडे चालायला लागली. तिच्या डोळ्यांत पाणी होते, म्हणून मी फरक समजावून सांगायचे थांबवले.

रस्त्यावर गोसीखुर्द धरणाची मासळी घेऊन लाखांदूरच्या बाजाराला निघालेला एक पिकअप मिळाला. "भाऊ, साक्षगंध हाय हिचं," सुनंदाने सांगितले. ड्रायव्हरने नवरीकडे पाहिले, माझ्या चिखलाकडे पाहिले.

"बाया समोर बसा. तुमी मांगं, जी."

मागे मासळी होती आणि तिच्यावर बर्फाच्या लाद्या. मी एका लादीवर बसलो. दोन्ही बाजूंनी धुके, बगळे, पांढरी शांतता... दृश्य हुबेहूब अंगणात दिसायचे तसेच होते. फक्त अंगणात कटला माशाचा वास नव्हता, आणि खालून इतके गार लागत नव्हते.

पोचलो तेव्हा मुलगा बूट चढवून दारातच उभा होता. तशाच बुटांनी आत येऊन त्याने रुचिताला अंगठी घातली आणि पहिल्यांदाच ती हसली. जाता जाता तो माझ्या पाया पडला.

"मामाजी, ओले काहून झाले?"

"बर्फात होतो."

त्याने फार आदराने पाहिले. मग त्याला वास आला.

साक्षगंधाच्या सगळ्या फोटोंत मी भिंतीला पाठ लावून उभा आहे.

दुपारी गाडी काढायला गेलो. सुनंदा स्टिअरिंगवर बसली (स्कूटी चालवणाऱ्याला ऑटोमॅटिकचे काय!), मी मागे धक्क्याला. "ह्या चित्रातली गाडी आपलीच दिसते," म्हणत तिने घसरत्या गाडीचे बटण दाबून धरले. ट्रॅक्शन कंट्रोल बंद! चाके मनसोक्त फिरली, त्यांनी तणस पकडले आणि गाडी एका उडीत बाहेर. वाटेतला चिखल बराचसा माझ्या तोंडावर आला.

गाडी अजून आहे, बटणही आहे. बर्फावरून मात्र मी एकदाच गेलो, पवनीच्या बाहेरून लाखांदूरपर्यंत. त्या पिकअपला स्नो मोड नव्हता.